कोरडं ठेवायच्या वस्तू

पोवई नाक्यावरच्या माझ्या मेडिकलमध्ये
दिवाळीपासून जमवत होतो
गोळ्यांच्या डब्यांतल्या चिमुकल्या पांढऱ्या पुड्या,
ओल पिणाऱ्या. वर लिहिलेलं: खाऊ नका.
एकशे बारा भरल्या.
मोजायची सवय, दुसरं काय.

चैत्रातला शनिवार. शटर दुपारीच ओढलं.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक,
प्रत्येकीचं तोंड पिळून, दुमडून, रबराने आवळून.
काडेपेटी मलमाच्या डबीत, झाकणावर मेणबत्तीचे थेंब.
रात्रीचे मोजे वेगळे. ते दिवसा घालायचे नाहीत,
काय वाटेल ते झालं तरी.
तनुजा म्हणाली, बाबा, मी कुठल्या पिशवीत बसू?

कासच्या रस्त्याला अंजनी फुलली होती,
फांद्यांवर निळीची पुडी फुटावी तशी.
ती बघ बघ म्हणत होती
आणि मी पश्चिमेला जमणारा ढग बघत होतो.
वळवाचा काय भरवसा.
कुणाच्या ना कुणाच्या मांडवावर पडतोच.

बामणोलीच्या धक्क्यावर ज्ञानू सपकाळांनी
बोचकी लाँचमध्ये घेतली, एकेक हातात जोखून.
"औषधवाले, ह्यात माणूस तर न्हाय ना बांधलेला?"

पलीकडच्या काठावर उतरवलं.
पाणी खाली गेलेलं, गाळाला भेगा,
भेगांतून वर आलेली दगडांची चौकट.
मी उतार शोधत होतो, तनुजाला सांगत होतो,
खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर यायला नको,
आली तर तीच पाणी आत घेते.
ते म्हणाले, "टाका की हितंच. गोठा व्हता आमचा.
जागा चांगली. आठ म्हयनं पाण्यात असती, एवढंच."

धरण भरलं तेव्हा ते आईच्या कडेवर.
तिने नाचणीचं बी वाळक्या भोपळ्यात भरलं,
तोंड शेणाने लिंपलं, डोक्यावर घेतलं
आणि कमरेएवढ्या पाण्यातून चढाला लागली.
"बी तेवढं कोरडं ऱ्हायलं.
मी भिजलो म्हणं. मला आठवत न्हाय."
इंजिनाची दोरी ओढली आणि गेले.

रात्री वासोट्याच्या अंगाला गडगडलं,
डोंगर दोनदा पांढरा झाला
आणि ढग निघून गेला.
एक थेंब नाही.
मी सगळ्या चेनी वरपर्यंत ओढलेल्या,
हवेची खिडकीसुद्धा.

पहाटे कपाळावर टप्.
तंबू आतून भिजला होता.
छताला, कडांना, उशाच्या बोचक्याला
बारीक थेंब, धरून बसलेले.
वरून काही आलं नव्हतं.
हा आमचाच माल. रात्रभर सोडलेला श्वास,
तिचा कुठला, माझा कुठला,
कुठल्या खात्यावर मांडू?

दोन वर्षं ती पाचगणीच्या होस्टेलवर.
सुट्टीत येते, खोलीचं दार लावून घेते.
आता पालथी पडून
ओल्या कापडावर बोटाने म्हैस काढत होती.
म्हशीचं एक शिंग ओघळलं,
तिने ते तसंच राहू दिलं.
मी खिडकीची चेन उघडली,
आठ तास उशिरा.
मोजे मात्र कोरडे.

सपकाळ न्यायला आले.
तनुजाने मूठभर पुड्या त्यांच्या हातावर ठेवल्या,
बियाण्याच्या कणगीत टाका, ओल धरत नाही.
त्यांनी एक उन्हात धरली, उलटीसुलटी केली.
"काय लिवलंय?"
खाऊ नका.
"आन उंदराला वाचता येतंय व्हय?"

ती हसत सुटली.
लाँच गाळात रुतली होती, ढकलायला हवी होती.
रात्रीचे मोजे अजून तिच्या पायातच.
मी ओरडेपर्यंत
गुडघाभर पाण्यात.